वरच्या पाण्यातले मासे आणि सुकवारो

माशाचं तोंड पाहिलं की तो पाण्याच्या कुठल्या मजल्यावर राहतो ते सांगता येतं. तोंड खाली वळलेलं असलं तर तो तळाचा, वाळू उपसून खाणारा. तोंड समोर असलं तर मधल्या मजल्याचा. आणि खालचा ओठ पुढे, तोंड आभाळाकडे, पाठ फुटपट्टीसारखी सरळ असा मासा दिसला की समजायचं, हा वरच्या पाण्यातला. पाण्यावर जे पडेल ते खाणार, खाली बुडालेल्या दाण्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं, "भाऊ, मासा उपाशी मरून राहिला, एवढं खायला टाकतो तरी!" मी विचारायचो, "टाकलेलं तरंगते का बुडते?" निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटत.

भिलाईला, सुपेल्याच्या बाजारात माझं दुकान होतं. मूळ धंदा फ्रेमचा. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, स्टील प्लँटमधून रिटायर होणाऱ्यांची मानपत्रं. एकदा एका बंगाली साहेबांनी माशांची फुटकी टाकी आणली. लोखंडी अँगलची चौकट, एका बाजूची काच तडकलेली. काच कापायचा हिरा हातात होताच. नवी काच बसवली, पुट्टी भरली, पाणी गळलं नाही. साहेब खूश झाले आणि त्यांनी आपल्या तीन मित्रांना पाठवलं. वर्षभरात देवांचे फोटो मागच्या भिंतीला गेले आणि पुढे माशांच्या टाक्या आल्या. माझे बाबा प्लँटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. ते म्हणत, "आपले वर्ध्याचे लोकं विचारतेत, पोरगा काय करून राहिला? काय सांगू त्याईले? मासे विकून राहिला म्हणून?" आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे.

मासे कलकत्त्याहून यायचे. हवा भरून रबर बँड लावलेल्या पिशव्या, त्या बांबूच्या टोपलीत, टोपली रेल्वेच्या पार्सलमधून दुर्गला. उन्हाळ्यात गाडी दोन तास लेट म्हणजे टोपलीतले अर्धे मासे उलटे. मी प्लॅटफॉर्मवर ओल्या गोणपाटाचा तुकडा घेऊन उभा असायचो. टाउनशिपच्या नळाला औषध मारलेलं पाणी, म्हणून ते आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवावं लागे. खाणं मात्र फुकट मिळायचं. भिलाईत घरोघरी कूलर, आणि कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या. मी गाळणी घेऊन शेजाऱ्यांच्या दारात गेलो की बाया म्हणायच्या, "या, या, आमच्या इथल्याही घेऊन जा." वरच्या पाण्यातल्या माशाला जिवंत अळीसारखं पक्वान्न दुसरं नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. ब्लास्ट फर्नेसला असलेले एक मिश्राजी शिफ्ट सुटली की येऊन स्टुलावर बसायचे. कधी काही विकत घेतलं नाही. एकदा मी सहज म्हटलं, "मिश्राजी, एक जोडी घर ले जाइए." ते म्हणाले, "भैया, आठ घंटे आग देखता हूँ. दस मिनट पानी देखने दो." पुन्हा मी त्यांना कधी काही म्हटलं नाही. उलट ते आले की त्यांच्यासमोरच्या टाकीचा दिवा लावायचो.

पण आज जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं बायकोशिवाय कुणाशी बोललो नाही. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर आधी मिश्राजींसारखे गमतीचे पाच-सहा किस्से लिहून काढले होते. मग वाटलं, हे लिहायचं आणि ते लपवायचं, हे काही बरं नाही.

सेक्टर दहामध्ये देशकर साहेब राहत. मूळचे अमरावतीचे, प्लँटमध्ये मोठे अधिकारी. त्यांच्या घरची खरी साहेब म्हणजे काकू. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या दुकानात आल्या.

"भाऊ, रविवारी पाहुणे येऊन राहिले, आमच्या मुलीले पाहाले. तोवर बैठकीत चांगली टाकी लागली पाहिजे. मासे वेगळे पाहिजेत, इथं कोणाकडे नसतीन असे."

नेमके त्याच आठवड्यात कलकत्त्याहून आठ हॅचेट मासे आले होते. हा मासा मी पहिल्यांदाच मागवला होता. बोटाच्या दोन पेरांएवढा, चांदीचा रंग, पोट कुऱ्हाडीच्या पात्यासारखं पुढे आलेलं आणि छातीचे पर पाखराच्या पंखांसारखे. पाण्याच्या अगदी कातडीला चिकटून राहणारा. काकूंना तो पाहताक्षणी आवडला.

शनिवारी टाकी त्यांच्या बैठकीत बसवली. तीन फुटांची टाकी, खाली कपाटासारखा बंद लाकडी स्टँड, भिंतीपासून चार बोटं पुढे. टाकी काठोकाठ भरली, वर हिरवा शेवाळ्याचा तुकडा सोडला, मासे सोडले. झाकण मात्र नव्हतं. त्या मापाची काच दुकानात संपली होती आणि रायपूरहून मंगळवारशिवाय येणार नव्हती. काकूंनी विचारलं, "याच्यावर झाकण नाही लागत?"

मी म्हटलं, "काही गरज नाही, काकू. उघडीच चांगली दिसते."

मला ठाऊक नव्हतं असं आज म्हणणं सोपं आहे. अर्धवट ठाऊक होतं. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यानं पिशवीवर 'ढाक के रखना' असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि प्रवासापुरतं असेल असं मनाला पटवून दिलं.

तेव्हा त्यांची कामवाली फरशी पुसत होती. सुकवारो तिचं नाव. चाळिशीची, रिसालीला राहणारी, छत्तीसगढी बाई. रिसाली तेव्हा गावासारखंच होतं. ती पोछा हातात धरून टाकीसमोर उकिडवी बसली, माशांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "ये मन कूदही, बाबू." हे उड्या मारतील.

मी हसलो. म्हटलं, "अरे बाई, ये तुम्हारे तरिया की मछली नहीं है. कलकत्ता से आई है." तरिया म्हणजे गावचं तळं.

ती पोछा पिळून पुढे गेली.

रविवार पार पडला, पाहुणे टाकी पाहून खूश झाले, लग्न जमलं. पुढच्या शनिवारी मी पाणी बदलायला गेलो तर आठाचे सात मासे. त्याच्या पुढच्या शनिवारी सहा. मी शेवाळं उचलून पाहिलं, वाळू चाळली, काही नाही. मेलेला मासा पाण्यात राहतो, निदान काटा तरी राहतो. इथं काहीच नाही. तिसऱ्या शनिवारी चारच राहिले.

काकू वैतागल्या होत्या. "मेले तर दिसतीन ना भाऊ? मग गेले कुठं? कोणी काढून तर नेत नसतीन?"

त्या वेळी मी ओलं फडकं हातात घेऊन काच पुसत होतो. काच पुसता पुसता म्हटलं, "तसंच म्हणावं लागन, काकू. पाण्यातून मासा आपोआप गायब नाही होत."

एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही. पण त्या घरात साहेब, काकू, मुलगी आणि सुकवारो, एवढीच माणसं वावरत होती. नाव घ्यायची गरज नव्हती.

चौथ्या शनिवारी दार दुसऱ्याच बाईनं उघडलं. मी विचारलं, "सुकवारो नाही आली?"

"काढून टाकलं तिले, तुमी गेले त्याच दिवशी," काकू म्हणाल्या. "दोन वर्षांपासून होती, हो. असं करन असं वाटलं नव्हतं. मले म्हणे, बाई, मासे कुदले असतीन. मी म्हटलं, दुकानदाराले जास्त समजते का तुले? मी शेजारच्या साऱ्या जणींनाही सांगून ठेवलं, घरात घेऊ नका म्हणून."

मी टाकीकडे वळलो. मासे मोजले. तीन.

पुन्हा मोजले. तीनच. सुकवारोला जाऊन आठवडा झाला होता आणि तरी एक मासा कमी झाला होता. काकू स्वयंपाकघरात गेल्या तशी मी खिशातली बॅटरी काढली आणि स्टँड आणि भिंतीमधल्या त्या चार बोटांच्या फटीत उजेड टाकला.

भरलेली टाकी कुणाला हलवता येत नाही. पाणी, वाळू, काच मिळून दीड-दोन क्विंटल वजन होतं. त्यामुळे महिनाभर त्या फटीत कुणी पाहिलंच नव्हतं, झाडूही पोचला नव्हता. सायकलच्या आऱ्याला बाक देऊन केलेला आकडा माझ्या पिशवीत असायचा. तो आत घालून मी एकेक ओढून काढला. वाळून कडक झालेले, निंबाच्या पिवळ्या पानांसारखे हलके, डोळे मुंग्यांनी नेलेले. पाच होते. हॅचेट घाबरला की छातीच्या परांनी पाणी मारून वर उसळतो. हे मला नंतर कळलं. बैठकीतला दिवा फटकन लागला, कुणी दार आपटलं, की हा बाहेर.

आता खरी लाजेची गोष्ट. मी ते पाचही मासे रुमालात बांधले आणि खिशात घातले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांना म्हटलं, "काकू, झाकणाची काच आली आहे. उद्या बसवून देतो. मग बाकीचे टिकतीन." चहा प्यालो, आणि निघालो.

माझी बायको मंदा, तिनं धुवायला शर्ट घेतला आणि रुमाल सोडला.

"हे काय हो?"

मी सगळं सांगितलं. ती ओट्याशी टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आन तुमी तिथं काकूले कावून नाही सांगितलं?"

"सेक्टर दहाचे सारे गिऱ्हाईक त्याईच्या ओळखीचे आहेत, मंदा. एक तुटलं का सारेच तुटतीन."

"आन तिचं काय? तिले तर सारे तुटलेच."

तरी मी दोन दिवस घालवले. दुसऱ्या दिवशी जाऊन झाकण बसवलं आणि तेव्हाही गप्प राहिलो. दुकानात बसून काच कापताना दोनदा चुकीचं माप कापलं. मंदा ताट वाढून निघून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, "ती राहते कुठं ते विचारून येतो."

"विचारून नका येऊ," ती म्हणाली. "सांगून या."

सायकलवर रिसालीला निघालो. रस्ताभर डोक्यात एकच, की तिला दोन मुली आहेत, नवरा नाही, सेक्टरमध्ये आता कुणी कामावर ठेवणार नाही, इतके दिवस कसं भागवलं असेल. विचारत विचारत घर सापडलं. दाराला कडी. शेजारच्या ओसरीवर एक म्हातारी चिंचोके फोडत बसली होती. मी विचारलं, "सुकवारो बाई?"

म्हातारीनं मान वर न करता सांगितलं, "वो तो चल दिस."

मी सायकलचा दांडा घट्ट धरला. लहानपणापासून भिलाईत राहिलेला माणूस मी. 'चल दिस' म्हणजे निघून गेली, एवढं मला समजायला हवं होतं. पण त्या क्षणी मला ते हिंदीतल्या 'चल बसी'सारखं ऐकू आलं. गेली. वारली. "कब?" एवढंच कसंबसं विचारलं.

"बिहनिया ले," म्हातारी म्हणाली. सकाळीच. आणि मग हनुवटीनं दिशा दाखवत, "तरिया डहर."

तळ्याकडे! तळ्याकडे गेली होती ती!

मी सायकल तिथंच टाकली आणि धावत सुटलो. उन्हाळ्यानं तळं निम्मं आटलेलं, कडेच्या चिखलात चार-पाच बाया जुनं लुगडं पाण्यात पसरून बारीक मासे धरत होत्या. त्यात सुकवारो होती. पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, कशावर तरी मोठ्यानं हसत होती. मी काठावर मटकन खाली बसलो. इतकं हलकं मला बाबांचं ऑपरेशन नीट झालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

तिनं मला पाहिलं आणि हसू थांबलं. पाण्यातून बाहेर येऊन ती समोर उभी राहिली. शेजारी तिचं मडकं होतं, त्यात धरलेले मासे, आणि मडक्याच्या तोंडावर पळसाचं पान घट्ट दोऱ्यानं बांधलेलं.

मी रुमाल उघडून पुढे केला. तिनं वाकून मोजले.

"पाँच ठन," ती म्हणाली. "मैं तो पहिलीच दिन कहे रहेंव."

"हाँ. गलती मेरी है, बाई. मुझे माफ करो."

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मोला झन बता. बाई ला बता. अउ जेन-जेन मोला चोट्टी कहिन, सब्बो के आघू म बता."

मला नको सांगू, बाईला सांग. आणि ज्यांनी ज्यांनी मला चोरटी म्हटलं, त्या सगळ्यांच्या समोर सांग.

तिनं पाय धुतले, मडकं मैत्रिणीकडे दिलं आणि चालू लागली. मी मागून सायकल हातात धरून. बसून जाऊ या म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ती पुढे, मी मागे, असे आम्ही रिसालीपासून सेक्टर दहापर्यंत चालत गेलो.

देशकरांच्या अंगणात नेमके त्या दिवशी पापड चालले होते. काकू आणि शेजारच्या पाच जणी सावलीत पाट-लाटणं घेऊन बसलेल्या, खाटेवर लुगड्यावर पापड वाळत घातलेले. सुकवारोला फाटकात पाहून लाटणी थांबली. एक जण हळूच म्हणाली, "अगं, हीच ना ती?"

मी फाटकापासून तीन पावलं आत गेलो. रुमाल उघडून पापडाच्या पाटाजवळ ठेवला.

"काकू, हे तुमचे मासे. टाकीच्या मागं पडले होते. हे उडी मारणारे मासे आहेत. याईले झाकण लागते. माझ्याकडे काच नव्हती म्हणून मीच तुमाले सांगितलं का झाकणाची गरज नाही. सुकवारोनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी हसण्यावारी नेलं. मंग तुमी विचारलं तवा कोणीतरी काढलं असन असंही मीच म्हटलं. आन हे मले शनिवारीच सापडले. तवाही मी तुमाले सांगितलं नाही. हिनं काही घेतलं नाही."

काकूंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आधी त्या माझ्यावर ओरडल्या. "शनिवारी! आन माझ्या हातचा चहा पिऊन गेले तुमी!"

"हो, काकू."

मग त्या उठल्या. हाताला पीठ तसंच. सुकवारोच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. काकूंची हिंदी कच्ची होती, तरी त्या हिंदीतच बोलल्या, "सुकवारो, हमसे बहुत गलती हो गया. तुम कल से आओ." आणि मागे वळून बायांना मराठीत, "ऐकलं ना साऱ्याईनं? हिनं काही केलं नाही. मी म्हटलेलं चुकीचं होतं."

सुकवारोनं मान हलवली, पण येते म्हणाली नाही. "सोच के बताहूँ," विचार करून सांगते, एवढंच म्हणाली. आणि तिनं खरंच काकूंना आठ दिवस वाट पाहायला लावली. मग गेली. देशकरांच्या मुलीच्या लग्नात हळद वाटणाऱ्यांत ती सगळ्यांत पुढे होती. मलाही त्या घरानं तोडलं नाही. साहेब फक्त एवढंच म्हणाले, "निमजे, यापुढं माहीत नसेल ते माहीत नाही म्हणत जा." एक-दोन गिऱ्हाइकं गेली, ती गेली. मी ज्या भीतीनं दोन दिवस तोंड शिवून बसलो होतो ती इतकी लहान निघाली याची लाज अजून वाटते.

पण त्या दिवसाचं मला सगळ्यांत जास्त आठवतं ते फाटकाबाहेरचं. अंगणातून बाहेर पडलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. सायकलला टेकून मी नुसता श्वास घेत उभा राहिलो. सुकवारो थोडी पुढे जाऊन थांबली, वळली.

"डर लागत रहिस का, बाबू?"

"हव," मी म्हटलं. खूप भीती वाटत होती.

ती मग पहिल्यांदाच माझ्याशी हसली.

"मोला घलो," ती म्हणाली. मलासुद्धा. "रस्ता भर सोचत रहेंव, ये बाबू बाई के आघू म मुकर जाही." हा माणूस बाईसमोर जाऊन उलटेल, हाच घोर तिनं रिसालीपासून इथपर्यंत पुढे चालत, एकदाही मागे न पाहता, वाहिला होता.